भिंतीवरचा हात

बहीण गमतीनंच म्हणाली होती. तिनं जेवणाच्या टेबलावर फोटो पत्त्यांसारखे पसरले होते आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक उचलून नाकाशी नेऊन बघत होती. "दादा, तू काढलेस हे? मला वाटायचं तुला फक्त चेपलेल्या गाड्याच काढता येतात." मग तिनं त्यातले निवडक एका ओळीत लावले, हाताची घडी घालून मागं रेलली आणि म्हणाली, "पण वहिनी, हे काय गं? प्रत्येक फोटोत तू कशाला ना कशाला धरूनच उभी आहेस. नवं घर पळून जाईल अशी धास्ती आहे का तुला?"

तो हसला. हसता हसता त्यानं बायकोकडे बघितलं. तीही हसली, पण जराशी उशिरा, दुसऱ्या कुणाला तरी हसताना ऐकून हसावं तशी. "चहा टाकते," म्हणून ती उठली. उठताना तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर आला. कडेवरून खुर्चीच्या पाठीवर, पाठीवरून भिंतीवर, भिंतीवरून दाराच्या चौकटीवर. बोटं कुठं थांबली नाहीत, कुठं घाई केली नाही. पाण्यानं उतार शोधत जावं तशी बोटं गेली आणि त्यांच्यामागून ती स्वतः स्वयंपाकघरात गेली. बहीण पुढं काहीतरी बोलत होती, अमुक फोटो मोठा करून दिवाणखान्यात लाव असं काहीसं. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, घरात आल्यावर काढायची राहून गेलेल्या टोपीसारखं. ते काढायला हवं हे कळत होतं. पण हात उचलेना.

त्यानं फोटोंकडे बघितलं. पहिला, चौकटीत उभी असलेली ती. मागून पूर्वेचं ऊन, तळवा चौकटीच्या लाकडावर सपाट ठेवलेला, बोटं जराशी फाकलेली. दुसऱ्यात खिडकीशी, हात पडद्याच्या कडेवर. तिसऱ्यात ती बोळातून येतेय, अर्धी अंधारात आणि अर्धी उजेडात, आणि बोटांची टोकं भिंतीला जेमतेम लागलेली. हा फोटो काढून झाल्यावर तो कितीतरी वेळ कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्याकडे बघत बसला होता. त्याला वाटलं होतं, भिंतीवरून फिरणारी ही बोटं म्हणजे नव्या घरावरची माया आहे. बाई घराला हात लावून लावून आपलंसं करतेय. हा हात आपण शोधून काढला, या हातात काहीतरी आहे, असं वाटून त्याच्या छातीत त्या दिवशी काहीतरी हललं होतं. पुढचे सगळे फोटो त्या हातासाठीच काढलेले होते. तो त्या हाताची वाट बघत बसायचा. आणि हात यायचाच.

नुकसान बघणं हा त्याचा धंदा होता. कुणाचं दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, गाडी खांबावर आदळली, की विमा कंपनी त्याला पाठवायची. तो जायचा, फोटो काढायचा, किती मोडलं आणि किती शाबूत आहे ते लिहून द्यायचा. बाजारपेठेत त्याला नावानं कुणी ओळखत नसे. "नुकसानवाले आले" म्हणायचे. हातातला चहा बाजूला ठेवून माणसं उठून उभी राहायची, जसा काही तोच आग लावून गेला होता. उभ्या आयुष्यात त्यानं हजारो फोटो काढले, पण त्यात धड वस्तू एकही नव्हती. धड वस्तूचा फोटो कशाला काढायचा असतो हे त्याला माहीतच नव्हतं. पुढं कंपनीनं सगळ्यांना फोनवरच फोटो काढायला सांगितलं आणि खिशात मावणारा तो छोटा कॅमेरा घरी आला, कपाटात पडला. घर बदलताना चमच्यांच्या खोक्यात निघाला. कसा तिथं गेला देव जाणे. त्यानं सहज चालू केला, सहज वर धरला, आणि समोर चौकटीत ती उभी होती. त्या रिकाम्या, चुन्याचा वास येणाऱ्या खोलीत ऊन जमिनीवर लांबवर आडवं झालेलं होतं. त्यानं बटण दाबलं. मग त्याला कळलं की या फोटोत काहीच मोडलेलं नाही. पन्नाशी उलटल्यावर माणसाला असं काही सापडावं, याचं त्याला हसूही आलं आणि थोडं लाजल्यासारखंही झालं. तेव्हापासून कॅमेरा खिशातच असायचा. सकाळी तो उजेड कुठून येतो ते बघत घरभर हिंडायचा. ती म्हणायची, "घर घेतलंय की स्टुडिओ?"

काहीच मोडलेलं नाही. त्यानं हे वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं आणि बोळातला फोटो परत जवळ ओढला.

कारण आता फोटोंतलं बाकीचंही दिसायला लागलं होतं. हे डोळे कामाचे होते, एकदा उघडले की मिटत नसत. बोळातल्या फोटोत खालच्या कोपऱ्यात लाकडी स्टूल होतं. ते तिथं नसायचं. त्यानंच आणून ठेवलं होतं, त्यावर ऊन छान पडत होतं म्हणून. त्यानंतरच्या फोटोत ती खिडकीत बसलेली होती आणि नडगीवर अंगठ्याएवढा काळानिळा डाग होता. तो डाग त्यानं तेव्हा बघितला होता, नाही असं नाही. "काय लागलं गं?" असंही विचारलं होतं. "खोकी पडलीयत ना सगळीकडे," ती म्हणाली होती. खोकी तोवर उचलून झाली होती. टेबल त्यानं दोनदा हलवलं होतं, एकदा खिडकीखाली आणि मग पुन्हा जरा तिरपं, उजेडासाठी. ती कधी नव्हे ती चिडली होती. "एका जागी ठेवा ना हो वस्तू. माणसानं किती वेळा शिकायचं?" शिकायचं हा शब्द तेव्हा त्याला खटकला नव्हता. बाई दमलीय, असं त्यानं धरलं होतं. आणि जुनं घर सोडायचं ठरलं तेव्हा तिनं एवढंच म्हटलं होतं की इथं काय वाईट आहे, इथलं मला सगळं पाठ आहे. तो म्हणाला होता, पाठ करायला घर म्हणजे काय पाढे आहेत का. भिंतींना ओल होती, जिने चढवत नव्हते. या घराला लिफ्ट होती, उजेड होता. त्याचं सगळं म्हणणं बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसासमोर ती नेहमी गप्प बसायची.

बहीण चहा पिऊन गेली. दारात निरोप घेताना तिनं वहिनीचा हात हातात घेतला, मग लिफ्टकडे जाताना बाजूला होऊन लांबून हात हलवला. बायको समोरच बघत राहिली. हसऱ्या चेहऱ्यानं, बंद लिफ्टच्या दाराकडे. बहीण तिथं नव्हती, डावीकडे जिन्याजवळ उभी होती, आणि हवेत हलणारा हात हळूहळू खाली घेत होती. तिनं दादाकडे बघितलं.

ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली. कप विसळत होती. तो तिच्यामागून गेला आणि तिच्या डाव्या अंगाला, हाताच्या अंतरावर उभा राहिला. आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक होतं आणि ते करू नये असं वाटत होतं. जळक्या गोदामात तुळईवर टाच आपटून बघायची त्याची पद्धत होती; आवाज पोकळ आला तर बाहेर यायचं. त्यानं हात वर उचलला. तिच्या कानाजवळ नेला. बोटं हलवली. ती कप विसळत राहिली. तो हात थोडा पुढं सरकवत गेला, गालाच्या रेषेशी आला, आणि ती कप विसळतच राहिली, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत. नळाचं पाणी पडत होतं. त्याच्या स्वतःच्या हाताची सावली तिच्या खांद्यावर हलत होती. त्याला एकदम वाटलं की आपणच इथं नाही. ही बाई एकटी राहते या घरात, आणि कितीतरी काळापासून एकटी राहत असावी.

"तिथं उभं राहून काय करताय?" ती मान न वळवता म्हणाली. "श्वास ऐकू येतो तुमचा."

त्यानं हात चोरासारखा खाली घेतला. "तुला दिसत नाही," तो म्हणाला. विचारायचं होतं ते सांगितल्यासारखं झालं.

तिनं नळ बंद केला. कप पालथा घातला, अगदी जिथं घालायचा तिथं. "दिसतं की. समोरचं सगळं दिसतं. परवा औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर कुणी वाचून दाखवलं तुम्हाला?"

"बाजूचं?"

"बाजूचं नाही दिसत." हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली, जसं काही घरात साखर नाही म्हणावं. मग पदराला हात पुसत तिनं पूर्ण वळून त्याला समोर घेतलं. आता त्याच्या लक्षात आलं, अलीकडे ती अशीच वळायची, अख्खी, खांद्यांसकट. त्याला ते आवडायचं. आपल्याकडे नीट लक्ष देते असं वाटायचं.

"किती दिवस झाले?"

"दिवस कुठले हो. वर्षं झाली." तिनं थोडा विचार केला. "नोकरी सोडली ना मी, ती कंटाळा आला म्हणून नव्हती सोडली. वाचनालयात मुलं बाजूला येऊन उभी राहायची, बाई, बाई करायची, आणि मी त्यांच्या अंगावरच जायची. एकदा एक पोरगी पडली माझ्यामुळे. लागलं नाही फारसं. पण मग मी म्हटलं, पुरे."

तो खुर्चीत बसला. खुर्ची आहे की नाही हे न बघताच बसला. नोकरी सोडली त्या दिवशी त्यानं तिला बाहेर जेवायला नेलं होतं. आता आराम कर, असं म्हणाला होता. तिनं पेला सांडला होता आणि दोघं हसले होते. त्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते नोकरी सुटल्याचं, असं तो आजवर समजत आला होता. एवढ्या वर्षांत किती गोष्टी त्यानं अशा समजून घेतल्या होत्या? शेजारच्या बाईला तिनं जिन्यात ओळख दिली नाही म्हणून ती बाई हिला आखडू म्हणायची, आणि त्यानंही तिला एकदा सुनावलं होतं, माणसानं चार लोकांत मिसळावं म्हणून. संध्याकाळी फिरायला येणं तिनं बंद केलं तेव्हा त्याला वाटलं, वय झालं. शिवण बंद झालं नाही, वाचन बंद झालं नाही, मग संशय तरी कसा यावा, असं त्याच्या मनातलं एक माणूस वकिली करत होतं. दुसरं माणूस फक्त ऐकत होतं. गोदामांचे मालक असेच बोलायचे. साहेब, आतून जळतंय हे बाहेरून कसं कळणार. आणि तो मान डोलवायचा, पण मनात म्हणायचा, रोज आत-बाहेर करत होतास ना.

"मला का नाही सांगितलंस?"

"माझ्या आईचं असंच झालं होतं. सगळ्यांना कळलं त्या दिवशी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. तू काही करू नको हं, पडशील, सांडशील. सगळी फार प्रेमानं वागायची. ती त्या खुर्चीतून पुन्हा उठलीच नाही म्हणा ना." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आणि तुमचे डोळे. आग लागलेल्या दुकानाकडे तुम्ही ज्या डोळ्यांनी बघता ना, किती गेलं, किती राहिलं, त्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायला लागाल असं वाटलं. फोटो काढायला लागलात तेव्हा कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच डोळ्यांनी बघत होतात. मला कळत होतं ते. समोरच असायचात ना. म्हटलं, चाललंय तेवढं चालू दे."

त्यानं उठून जवळ जायला हवं होतं. पण तो खुर्चीतच बसून राहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. तिला यंत्रासमोर बसवून, एकेक डोळा झाकून, ठिपके दिसले की बटण दाबायला लावून, त्यांनी एक कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. कागदावर एक वर्तुळ होतं, जवळजवळ सगळं काळं. मधोमध पांढरा ठिगळाएवढा तुकडा. "पांढरं आहे तेवढं त्यांना दिसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो बघत राहिला. जळालेल्या इमारतींचे नकाशे त्यानं असेच रंगवले होते, गेलेला भाग काळा. "गेलं ते परत येणार नाही. राहिलं ते राखता येईल, थेंब चुकवायचे नाहीत. कदाचित शस्त्रक्रियाही करू. आधी का नाही आलात?" हा प्रश्न त्यांनी तिला विचारला की त्याला, ते त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "हो." डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. बाहेर बाकावर बसल्यावर त्यानं विचारलं, "आत्ता, या क्षणाला, माझं काय दिसतंय तुला?" तिनं त्याच्याकडे निरखून बघितलं. "नाक," ती म्हणाली. "आणि मिशी. मिशी नीट कापलेली नाहीये." ती हसली. तो हसू शकला नाही. घरी येईपर्यंत त्यानं तिचा दंड घट्ट पकडून ठेवला होता. लिफ्टशी तिनं हलकेच सोडवून घेतला. "दुखतोय हो," म्हणाली.

कॅमेरा त्यानं कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. तिनं दोनदा विचारलं, फोटो का नाही काढत. तो म्हणाला, उजेड नाही. उजेड भरपूर होता. त्याला आता त्या उजेडाची शिसारी येत होती. रात्र रात्र, दिवस दिवस त्याच्या डोक्यात एकच होतं, काहीतरी भरून द्यायला हवं. धंद्यातली सवय. आणि मग त्याला सुचलं ते इतकं सरळ होतं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. बहीण वहिनीला दिवसभरासाठी आपल्या घरी घेऊन जाणार होती. त्यानं कामावर रजा टाकली, शेजारच्या निवृत्त ड्रायव्हरला मदतीला बोलावलं आणि सगळं घर हलवलं. जुन्या घरात जे जिथं होतं ते तिथं. पलंग भिंतीला डोकं करून, कपाट दाराच्या उजवीकडे, टेबल मधोमध, त्याच्या पलीकडे शिवणयंत्र. डोळे मिटून त्यानं जुनं घर आठवलं आणि एकेक वस्तू त्या आठवणीत बसवली. ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला, "वहिनींचा वाढदिवस आहे का?" तो म्हणाला, "तसंच समजा." संध्याकाळ व्हायच्या आत झालं. पहिल्यांदाच त्या दिवसांत त्याच्या छातीवरचा दगड थोडा सरकला. बहीण तिला खाली लिफ्टपाशी सोडून गेली आणि कुलूप उघडल्याचा आवाज आला, तेव्हा तो मुद्दाम बाजूला उभा राहिला. काही बोलला नाही. तिला आपणहून कळू दे.

ती आली. चप्पल काढली. किल्ली खुंटीला लावली. आणि हात मोकळे सोडून, भिंतीला बोटसुद्धा न लावता, सराईतासारखी भरभर पुढं आली, आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पोटानं आदळली.

आवाज मोठा नव्हता. तिनं ओरडण्यासारखंही काही केलं नाही. पोट धरून वाकली, दुसऱ्या हातानं टेबल चाचपलं, मग पलीकडे खुर्ची शोधली तर तिथं खुर्ची नव्हती, शिवणयंत्राचं चाक होतं. ते तिच्या हाताखाली फिरलं. ती घाबरून मागं सरली. त्यानं तिच्या चेहऱ्यावर असं भय आजवर बघितलं नव्हतं. लिफ्टसमोर नाही, डॉक्टरीणबाईंच्या यंत्रासमोर नाही. परक्याच्या घरात शिरल्यासारखी ती स्वतःच्या खोलीत मधोमध उभी होती.

"अगं, मी आहे. मीच आहे," तो धावला. "आपलं जुनं घर करून ठेवलंय. तुला पाठ होतं ना. जसंच्या तसं."

"जुनं?" ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "अहो, जुनं कशाला? मी हे पाठ केलं होतं. इतके दिवस काय करत होते मी भिंतींना हात लावून? झालं होतं माझं. बोळ तेवढा राहिला होता." आणि ती खाली बसली, जमिनीवर, आणि रडायला लागली. घर बदललं तेव्हा ती रडली नव्हती.

तो तिच्यासमोर बसला. बरोबर समोर, त्या पांढऱ्या तुकड्यात. आपण तिसऱ्यांदा तेच केलं, एवढंच त्याला कळत होतं. आधी जुनं घर सोडून, मग उजेडासाठी, आता दयेसाठी. "मी परत लावतो," तो म्हणाला. "होतं तसं."

"कसं लावाल? तुम्हाला कुठं आठवतंय काय कुठं होतं. तुम्ही तर रोज हलवत होतात. शेवटचं जे राहिलं ते मी धरलं."

त्याला आठवत नव्हतं, खरंच. जुन्या घरातला प्रत्येक खिळा आठवत होता आणि काल सकाळची ही खोली आठवत नव्हती. मग तो उठला आणि फोटोंचं पाकीट घेऊन आला. ते सगळे जमिनीवर मांडले. तिच्या चेहऱ्याकडे, हाताकडे, उन्हाकडे न बघता तो कडेकडेनं बघायला लागला, पलंगाचा पाय कुठल्या फरशीवर आहे, कपाटाचं दार उघडलं की भिंतीला लागतं की नाही, टेबलाची सावली कुठं संपते. ज्यांच्याकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं ते फोटोंचे कोपरे. एकट्यानंच पलंग ओढला. कपाट इंचाइंचानं सरकवलं. ती भिंतीशी उठून उभी राहिली, मग मागोमाग येऊन हातानं तपासत गेली. "थोडं अलीकडे. नाही, एवढं नाही. आता बरोबर." शेवटी टेबल राहिलं. ते कुठल्याच फोटोत पूर्ण आलेलं नव्हतं. ती चौकटीतून निघून पावलं टाकत आली, एका ठिकाणी थांबली, आणि हवेत तळवा ठेवून म्हणाली, "इथं कोपरा हवा." त्यानं टेबल ढकलत आणलं, तिच्या हाताखाली येईपर्यंत.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. तो खोलीच्या मधोमध उभा होता, घामानं निथळत, हात लोंबत. आपण बहुतेक तिच्या वाटेत उभे आहोत असं त्याला वाटलं, म्हणून एका बाजूला झाला. मग दुसऱ्या बाजूला. त्यानं जमिनीवरचे फोटो पुन्हा एकदा बघितले. पलंग होता, कपाट होतं, स्टूल होतं, ती होती. तो कुठंच नव्हता.

"मी कुठं असतो?" त्यानं विचारलं.

"खिडकीच्या उजव्या अंगाला," ती लगेच म्हणाली. "भिंतीला टेकून, खाली. तिथून तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज यायचा. मी तिथनं वळून जाते."

तो तिथं गेला आणि भिंतीला टेकून खाली बसला. भिंत गार होती. ती चहा टाकायला आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली, दर वेळी त्याच्या पायांना वळसा घालून. त्याला तहान लागली होती, घाम पुसायचा होता. पण तो हलला नाही. हलायचं त्याला धाडसच होईना.